एका माणसाचं वजन

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात आसामातल्या लालाघाटचं नाव येतं ते विंगेटच्या चिंडिट सैनिकांमुळे. मार्च १९४४ मध्ये इथूनच त्यांचे ग्लायडर रात्रीच्या अंधारात निघाले आणि ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे जाऊन उतरले. त्यानंतर दीड महिन्यानं याच धावपट्टीवरून निघालेल्या एका विचित्र यंत्राची कहाणी मात्र आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. सिकोर्स्की कंपनीचं ‘वायआर-४बी’ जातीचं हे हेलिकॉप्टर. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, दोन माणसं बसतील एवढं, आणि इंजिन जेमतेम पावणेदोनशे-दोनशे अश्वशक्तीचं. चालक होता कार्टर हार्मन नावाचा तरुण अमेरिकन लेफ्टनंट. हाच हार्मन पुढे संगीतकार झाला आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये संगीतावर लिहू लागला. इतिहासाला असे जोड लावायची हौस असते.

एप्रिलच्या २१ तारखेला तीन जखमी ब्रिटिश सैनिकांना घेऊन निघालेलं एक छोटं विमान जपानी प्रदेशात कोसळलं होतं. वैमानिक आणि तिन्ही जखमी जिवंत होते, झाडीत लपले होते, आणि जवळपास विमान उतरेल अशी जागा नव्हती. हार्मन टप्प्याटप्प्यानं, डोंगर ओलांडत, जास्तीचं इंधन बरोबर घेऊन तिथवर पोचला. काही अंतरावर नदीकाठच्या वाळूवर छोटी विमानं उतरू शकत होती. झाडीपासून त्या वाळूपर्यंत चार माणसं न्यायची, एवढंच काम.

ब्रह्मदेशातला एप्रिल म्हणजे तापलेली, दमट, पातळ हवा. अशा हवेत पंख्याला पकड कमी मिळते आणि इंजिनाचा दमही लवकर तुटतो. हार्मनला एका वेळी एकच माणूस उचलता येत होता. २५ तारखेला दोन फेऱ्यांत दोन जखमी निघाले आणि इंजिन इतकं तापलं, की त्या दिवशी पुन्हा उडणं शक्य झालं नाही. उरलेल्या दोघांना आणखी एक रात्र तिथेच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन फेऱ्या झाल्या आणि चौघेही वाचले. लढाईतल्या माणसांची हेलिकॉप्टरनं केलेली ही पहिली सुटका मानली जाते.

या घटनेचं वर्णन बहुतेक ठिकाणी धाडसाची कथा म्हणून येतं. धाडस तर होतंच. पण मला तिच्यात हिशेब दिसतो. चार फेऱ्यांऐवजी दोन का नाहीत, दुसऱ्या फेरीनंतर थांबायचं का, आज कुणाला न्यायचं आणि उद्यासाठी कुणाला ठेवायचं, हे प्रश्न हार्मनच्या शौर्यानं सुटणारे नव्हते. ते इंजिनाची ताकद, हवेची घनता आणि एका माणसाचं वजन या तीन आकड्यांनी सुटत होते. हेलिकॉप्टरचा इतिहास सहसा वाढत्या ताकदीचा म्हणून सांगितला जातो. आधी दुबळी इंजिनं, मग बलदंड इंजिनं. माझ्या मते तो अपुऱ्या पुंजीत घर चालवण्याचा इतिहास आहे.

ही पुंजी कसली, ते थोडं तपशिलात पाहायला हवं. नाहीतर पुढचं सगळं कळायचं नाही.

हेलिकॉप्टर हवेत स्थिर उभं राहतं ते खाली सतत हवा ढकलून. विहिरीत पोहणाऱ्याला याचा अनुभव असतो. पुढे पोहत राहिलं तर दम पुरतो. पण जागच्या जागी, हातपाय मारत, डोकं पाण्याबाहेर ठेवायचं म्हटलं की दोन मिनिटांत धाप लागते. हेलिकॉप्टरचंही तसंच. त्रिशंकूसारखं अधांतरी उभं राहणं हे त्याचं सर्वांत महागडं काम. यंत्र पुढे सरकू लागलं की पंख्याला सतत ताजी, न ढवळलेली हवा मिळते आणि लागणारी ताकद एकदम कमी होते. साधारण ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाच्या आसपास हा खर्च सर्वांत कमी असतो, त्यापुढे हवेचा विरोध वाढून तो पुन्हा चढतो. म्हणजे कमी वेगाच्या बाजूला एक उलटा व्यवहार आहे : हळू जायला जास्त ताकद लागते. उतरण्यासाठी वेग कमी करत आणणाऱ्या वैमानिकाला शेवटच्या क्षणी अधिकाधिक ताकद हवी असते. ती शिल्लक आहे का, हे त्यानं आधीच, वर असताना, पाहून ठेवायचं असतं. जमिनीलगत, पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीच्या आत, थोडी सवलत मिळते, कारण खाली ढकललेल्या हवेला जमीन अडवते. पण ही सवलत सपाट, टणक जमिनीवर. उतारावर, झाडांवर, उंच गवतावर ती बरीचशी हातातून जाते.

ही झाली इंजिनाची मिळकत. पण हेलिकॉप्टरजवळ तीन प्रकारची बचतही असते. पहिली उंची, म्हणजे बँकेतली ठेव. दुसरी पुढे जाण्याचा वेग, म्हणजे हातातली रोकड. तिसरी फिरत्या पंख्यातली ऊर्जा, म्हणजे खिशातली चिल्लर. वेग आणि उंची एकमेकांत बदलून घेता येतात आणि तो भाव पक्का आहे. साठ नॉट, म्हणजे ताशी १११ किलोमीटर वेग हा ४९ मीटर उंचीच्या तोलाचा. यंत्र हलकं असो वा जड, भाव तोच. चिल्लर मात्र फार पटकन संपते. पंख्याचे फेरे दहा टक्क्यांनी घटले की त्यातली ऊर्जा एकोणीस टक्क्यांनी घटते, आणि पात्यांचा कोन तोच राहिला तर उचलण्याचं बळही तितकंच उतरतं. इंजिन बंद पडल्यावर वैमानिकाच्या हाती एक-दोन सेकंद असतात. तेवढ्यात पात्यांचा कोन खाली घेतला नाही तर पुढे काहीही करून उपयोग नसतो.

कोन खाली घेतला तर काय होतं? यंत्र खाली येऊ लागतं, आणि आता हवा खालून वर पंख्यातून जाते. जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखा पंखा वाऱ्यानं आपोआप फिरत राहतो. आपल्याकडच्या रानात माधवीलतेची तीन पंखांची फळं अशीच गरगरत, संथ उतरतात. इंजिन मेलेलं हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही ते यामुळे. इंग्रजीत याला ऑटोरोटेशन म्हणतात. मराठीत ‘स्वयंभ्रमण’ म्हणू. आणि गंमत अशी, की ही किल्ली ज्यानं शोधली त्यानं ती शोधली तेव्हा तो हेलिकॉप्टर बनवतच नव्हता.

हुआन दे ला सिएर्वा हा स्पेनमधल्या मुर्सियाचा. शिक्षणानं स्थापत्य अभियंता. १९१९ मध्ये त्यानं तीन इंजिनांचं एक मोठं विमान बनवलं. चाचणीच्या वेळी जमिनीजवळ वेग कमी पडून ते कोसळलं. विमानाचे पंख तरंगतात ते विमान वेगात असेपर्यंत. वेग गेला की पंख म्हणजे नुसत्या फळ्या. सिएर्वाच्या डोक्यात आलं, की विमान हळू असलं तरी पंख वेगात ठेवता आले तर? म्हणून त्यानं पंखच फिरते केले. पण त्या फिरत्या पंखांना इंजिन जोडलं नाही. इंजिन नाकावर, नेहमीसारखं पुढे ओढणारं; आणि माथ्यावरचा पंखा वाऱ्यावर मोकळा फिरणारा. या यंत्राला त्यानं ऑटोजायरो नाव दिलं.

पहिली यंत्रं एका अंगावर कलंडत. फिरणाऱ्या पात्यांपैकी पुढे जाणाऱ्या पात्याला जास्त वारा लागतो, मागे येणाऱ्याला कमी, म्हणून एक बाजू जास्त उचलली जाते. सिएर्वानं प्रत्येक पातं मुळाशी बिजागरीनं जोडलं, म्हणजे ते वरखाली होऊन हा फरक स्वतःच मिटवू लागलं. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या गेताफे इथं त्याचं ‘सी-४’ उडालं. काही दिवसांतच एका उड्डाणात थोड्याच उंचीवर त्याचं इंजिन बंद पडलं. नेहमीच्या विमानाची अशा वेळी शंभरी भरली असती. हे यंत्र तिरपं, संथ खाली आलं आणि धडपणे टेकलं. मला वाटतं, हेलिकॉप्टरच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना ही ठरलेल्या चाचणीत नव्हे, या बंद पडलेल्या इंजिनात आहे. उंची हीच ताकद म्हणून वापरता येते, याचा तो पहिला खणखणीत पुरावा होता.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये एटिएन ओमिशाँ आणि अर्जेंटिनाचा राउल पातेरास पेस्कारा खरी हेलिकॉप्टरं बनवत होते. एप्रिल १९२४ मध्ये पेस्कारानं ७३६ मीटर अंतर कापलं, मेमध्ये ओमिशाँनं एक किलोमीटरची फेरी पुरी केली. विक्रम म्हणून ठीक. पण ही यंत्रं जमिनीपासून फार वर जात नव्हती. ताकद नव्हती हे एक कारण. आणि इंजिन गेलं तर काय, याचं भरवशाचं उत्तर अजून हाती नव्हतं हे दुसरं. ते उत्तर सिएर्वाच्या बिजागऱ्यांतून आणि गणितांतून पुढच्यांकडे गेलं. जर्मनीत हाइनरिश फोकेनं ऑटोजायरो बनवण्याचा अनुभव घेऊन ‘एफडब्ल्यू-६१’ तयार केलं, आणि १० मे १९३७ रोजी ते इंजिन बंद करून स्वयंभ्रमणानं उतरवून दाखवलं. तेव्हा सिएर्वा नव्हता. ९ डिसेंबर १९३६ रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून दाट धुक्यात निघालेलं नेहमीचं प्रवासी विमान उड्डाण करताच कोसळलं, त्यात तो गेला. वय ४१. आयुष्यभर ज्या धोक्याशी तो झगडला, त्याच जमिनीलगतच्या धोक्यानं.

सिकोर्स्कीचं यंत्र अमेरिकेत १९३९ मध्ये जमिनीवरून उचललं गेलं, त्यातून हार्मनचं हेलिकॉप्टर आलं, मग कोरियाचं युद्ध. तो इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, इथं नको. आपण थेट १९५६ च्या नाताळात, फ्रान्समधल्या शामोनी गावात जाऊ.

झाँ व्हँसाँदों आणि फ्राँस्वा आँरी हे विशीतले दोघे गिर्यारोहक. एक पॅरिसचा, दुसरा ब्रसेल्सचा. भर हिवाळ्यात माँ ब्लाँवर जाण्यासाठी ते २२ डिसेंबरला शामोनीहून निघाले. वाटेत त्यांची गाठ इटलीचा नामवंत गिर्यारोहक वॉल्टर बोनात्ती आणि त्याचा जोडीदार यांच्याशी पडली. वादळ आलं. बोनात्ती आपल्या जोडीदाराला घेऊन शिखरावरून पलीकडच्या व्हॅलो निवाऱ्यापर्यंत पोचला. हे दोघे खाली उतरताना सुमारे चार हजार मीटर उंचीच्या बर्फाच्या पठाराजवळ अडकले, हातपाय गोठू लागले. गावातून दुर्बिणीनं ते दिसत होते. इतकं जवळ की लोक रोज त्यांची हालचाल पाहत होते, आणि इतकं दूर की कुणी तिथं जात नव्हतं. हिवाळ्यात वाटाड्यांचे जीव धोक्यात घालावेत का, यावर गावात वाद झाला. अन्नपूर्णा मोहिमेतला लिओनेल तेरे चिडून स्वतःच पथक घेऊन निघाला. पण बाकीच्यांची भिस्त हेलिकॉप्टरवर होती.

३१ डिसेंबरला हवाई दलाचं सिकोर्स्की ‘एस-५८’ दोन वैमानिक आणि दोन पर्वतीय प्रशिक्षक घेऊन वर गेलं. हे त्या काळचं मोठं, दणकट यंत्र, पिस्टन इंजिन पंधराशे अश्वशक्तीच्या वरचं. अडकलेल्या दोघांजवळ उतरताना पंख्याच्या झोतानं भुसभुशीत बर्फाचा लोट उठला, चालकाला काही दिसेना, आणि यंत्र बर्फात कोसळलं. आता सुटका करायची माणसं दोनाची सहा झाली. प्रशिक्षकांनी व्हँसाँदों आणि आँरीला मोडक्या हेलिकॉप्टरच्या पोटात आडोशाला ठेवलं, परत येऊ असं सांगितलं, आणि वैमानिकांना घेऊन वर व्हॅलोच्या निवाऱ्याकडे निघाले. गोठलेल्या दोघांना तेवढं चढवणं त्यांच्या आवाक्याबाहेर होतं.

३ जानेवारी १९५७ रोजी दोन ‘अलुएत-२’ हेलिकॉप्टरं वर गेली. एकीचा चालक झाँ बुले, दुसरीचा जेरार आँरी. दोघेही कारखान्याचे चाचणी वैमानिक. अलुएत म्हणजे चंडोल. नावासारखंच छोटं यंत्र, काचेचा बुडबुडा आणि मागे उघडा सांगाडा. या चंडोलांनी निवाऱ्याकडच्या सगळ्यांना खाली आणलं. पठारावरच्या मोडक्या यंत्रात जीवाची चाहूल दिसली नाही, म्हणून तिथली सुटका सोडून देण्यात आली. दोघांचे मृतदेह मार्चमध्ये काढले. फ्रान्समध्ये यावर प्रचंड गदारोळ झाला, आणि पुढच्याच वर्षी शामोनीत पर्वतीय सुटकेसाठी खास पोलीस पथक उभं राहिलं.

या प्रकरणावर बोलताना माणसांच्या चुकांवर फार भर दिला जातो. वाटाड्यांनी नकार दिला, लष्करानं उशीर केला, वगैरे. ते आहेच. पण मोठं यंत्र पडलं आणि छोटं पोचलं, याचा विचार कमी झाला. कागदावर पाहिलं तर दर किलो वजनामागे दोन्ही यंत्रांची ताकद जवळपास सारखीच होती. फरक होता तो उंचीवर त्या ताकदीचं काय होतं याचा. चार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश उरते. पिस्टन इंजिन आपली ताकद हवेबरोबर गमावत जातं. अलुएतमध्ये होतं टर्बाइन, जोझेफ शिड्लोव्स्की या पोलंडहून आलेल्या अभियंत्याच्या तुर्बोमेका कंपनीचं ‘आर्तुस्त’. ते मुळात ५३० अश्वशक्तीचं. पण अलुएतमध्ये त्याला ३६० च्या वर जाऊच द्यायचं नाही, असं ठरवलेलं होतं. खाली असताना तो कंजूषपणा वाटतो. वर गेल्यावर कळतं की ती शिल्लक होती. हवा विरळ होऊन इंजिनाची मूळ ताकद घटत गेली तरी ३६० चा आकडा बऱ्याच उंचीपर्यंत टिकतो. शिवाय आर्तुस्त कायम एकाच वेगानं फिरतं. मागणी वाढली तर वेग पकडायला वेळ लागत नाही, फक्त इंधन वाढतं. बर्फाच्या लोटात उतरताना अर्ध्या सेकंदाचीही उशीरवसुली परवडत नाही.

दणकट यंत्र आधी गेलं, कारण ते लष्कराच्या हाती होतं. चंडोल नवं होतं आणि कारखान्याच्या दारात होतं. शक्ती आणि शिल्लक यांतला फरक तेव्हा फार थोड्यांना कळला होता.

इथून ही कथा आपल्या घरी येते. १९६२ च्या युद्धानं हिमालयात माणूस आणि सामान पोचवणं किती अवघड आहे ते दाखवलं होतं. १९६८ मध्ये भारतीय सैन्यदलांनी फ्रेंच कंपनीकडे अशा हेलिकॉप्टरची मागणी नोंदवली, जे उष्ण हवेत आणि अतिउंचीवर चालेल. उत्तर साधं होतं, जवळजवळ घरगुती जुगाड : अलुएत-२ चा हलका सांगाडा घ्यायचा आणि त्यावर तिच्या मोठ्या बहिणीचं, अलुएत-३ चं, इंजिन आणि पंखा बसवायचा. इंजिन ८७० अश्वशक्तीचं, पण वापरायचं ५५० पर्यंतच. म्हणजे शामोनीत कामाला आलेला तोच कंजूषपणा, आणखी मोठ्या प्रमाणावर. १७ मार्च १९६९ रोजी ते उडालं. नाव ठेवलं ‘लामा’. त्याच वर्षी हिमालयातल्या चाचणीत दोन माणसं आणि इंधन घेऊन ते ७,५०० मीटर उंचीवर उतरलं आणि तिथून उडालंही. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं परवाना घेऊन ते बनवायला सुरुवात केली; ऑक्टोबर १९७२ मध्ये तिथं जुळवलेलं पहिलं यंत्र उडालं. आपण त्याला ‘चीता’ म्हणतो.

त्याच वर्षी जूनमध्ये झाँ बुलेनं, माँ ब्लाँवरच्या त्याच बुलेनं, दक्षिण फ्रान्समधल्या इस्त्र इथून लामा वर नेलं. विक्रमासाठी यंत्रातून काढता येईल ते सगळं काढून टाकलं होतं. २१ जून १९७२ : उंची १२,४४२ मीटर. प्रवासी विमानं जिथून जातात त्याच्याही वर. बाहेर उणे ६३ अंश. खाली यायला म्हणून त्यानं ताकद कमी केली, आणि इंजिन विझलं. पुन्हा पेटेना.

आता त्याच्याजवळ मिळकत शून्य आणि ठेव बारा किलोमीटर. ही ठेव किती, ते आकड्यात पाहणं उद्बोधक आहे. पुरं भरलेलं, १,९५० किलोचं लामा सेकंदाला नऊ मीटर या गतीनं उतरत असेल, तर गुरुत्वाकर्षण त्याला सतत सुमारे १७० किलोवॅट, म्हणजे सव्वादोनशेहून जास्त अश्वशक्ती पुरवत असतं. हार्मनच्या इंजिनापेक्षा जास्त! बुलेचं यंत्र पुष्कळ हलकं होतं, त्याचा आकडा कमी असणार; पण तत्त्व तेच. तो सबंध उंची खर्च करत, पंख्याचे फेरे सांभाळत, स्वयंभ्रमणानं खाली आला. शेवटच्या टप्प्यात नाक उचलून पुढचा वेग पंख्यात भरायचा, आणि जमिनीजवळ पात्यांचा कोन एकदाच वर ओढून खिशातली चिल्लर संपवायची. दुसरी संधी नसते. तो धडपणे उतरला. एका उड्डाणात दोन विक्रम झाले : सर्वांत जास्त उंची, आणि सर्वांत लांब स्वयंभ्रमण. दुसरा त्यानं ठरवलेला नव्हता.

बुले वाचला तो उंच होता म्हणून, हे सामान्य माणसाला उलटं वाटतं. आपल्याला जमिनीची जवळीक म्हणजे सुरक्षितता वाटते. हेलिकॉप्टरच्या माहितीपुस्तिकेत एक आलेख असतो, एका बाजूला उंची, दुसऱ्या बाजूला वेग, आणि मध्ये काळा केलेला भाग. इतकी उंची आणि इतका वेग असताना इंजिन गेलं तर सुखरूप उतरता येणार नाही, असा त्याचा अर्थ. वैमानिक त्याला ‘मेलेल्या माणसाची रेषा’ म्हणतात. पन्नास-साठ मीटरवर स्थिर उभं राहिलेलं हेलिकॉप्टर या काळ्या भागात असतं. ठेव थोडी, रोकड शून्य. पुरात छतावर अडकलेल्यांना दोरानं वर खेचणारं हेलिकॉप्टर आपण टीव्हीवर पाहतो, तेव्हा ते नेमकं तिथं उभं असतं, आणि चालकाला ते माहीत असतं.

चीताची खरी परीक्षा मात्र विक्रमांत झाली नाही. १३ एप्रिल १९८४ च्या सकाळी ऑपरेशन मेघदूत सुरू झालं. कॅप्टन संजय कुलकर्णी, पुढे लेफ्टनंट जनरल झालेले, यांच्या कुमाऊँ रेजिमेंटच्या तुकडीला सियाचीनवरच्या बिलाफोंड ला या साडेपाच हजार मीटरच्या आसपासच्या खिंडीजवळ उतरवायचं होतं. चीता हेलिकॉप्टरांनी सतरा फेऱ्या केल्या आणि सुमारे तीस जवान उतरवले. फेरीला दोन माणसंसुद्धा पुरी पडत नाहीत. ब्रह्मदेशात एका वेळी एक, चाळीस वर्षांनी हिमनदीवर एका वेळी दोनच्या आत. ताकद तिपटीवर गेली, पण उंचीनं ती खाऊन टाकली. सहा हजार मीटरवर हवा निम्म्याच्या थोडी वर उरते. तेवढंच वजन अधांतरी धरायला निव्वळ हवा ढकलण्याचा खर्च तिथं एक-तृतीयांशाहून जास्त वाढतो, आणि राखून ठेवलेली शिल्लक धरूनही इंजिनाची मिळकत तोवर घसरायला लागलेली असते.

म्हणून सियाचीनवरच्या वरच्या चौक्यांचा व्यवहार किलोंत चालतो. कुठल्या चौकीवर, किती तापमानाला, किती इंधन घेऊन, किती वजन नेता येईल, याचे तक्ते असतात. पहाटे हवा थंड म्हणून दाट असते, त्यामुळे फेऱ्या सकाळी लवकर. ऊन चढलं की तोच तक्ता काही किलो कमी सांगतो. सर्वांत उंच चौक्यांवर एका फेरीत रॉकेलचा एखादा डबा आणि थोडं किरकोळ सामान, एवढंच जातं. जाऊन परत यायला लागेल तेवढंच इंधन टाकीत, कारण टाकीतला प्रत्येक जास्तीचा लिटर हा कुणाच्या तरी चुलीतला लिटर असतो. चौकीवर उतरताना इंजिन बंद करत नाहीत, पंखा फिरताच ठेवतात. सामान खाली, आणि लगेच निघायचं. निघताना वर जायला ताकद पुरत नसेल तर चालक यंत्र कड्यावरून पुढे ढकलतो आणि दरीत नाक खाली घालतो. उंची देऊन वेग घेतो, वेग आला की पंख्याचा खर्च उतरतो, आणि मग यंत्र स्वतःला पेलतं. सिएर्वाच्या गेताफेतल्या बंद पडलेल्या इंजिनानं दाखवलेला व्यवहार इथं रोज, चालू इंजिनावर होतो.

१४ मे २००५ रोजी फ्रेंच वैमानिक दिदिए देल्साल एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवून दोन मिनिटांहून जास्त थांबला. एकटाच होता, यंत्र शक्य तितकं हलकं केलेलं, आणि डोंगरावरून वर चढणाऱ्या वाऱ्याचा त्यानं फार हुशारीनं उपयोग केला. त्या माथ्यावरून आणखी एक माणूस खाली आणता येईल का, हा प्रश्न त्या विक्रमात नव्हता.

सियाचीनवर तो प्रश्न नेहमी असतो. उंचीचा आजार झालेला जवान खाली न्यायचा असतो. येताना आणलेलं रॉकेल उतरलं, की तेवढ्या किलोंची जागा होते. ती साठ-सत्तर किलोच्या माणसाला पुरत नाही. मग सहचालक खालच्या तळावर उतरून राहतो, किंवा वर येताना सामान काहीच आणायचं नाही असं ठरतं, इंधन आणखी मोजून भरलं जातं, आणि चीता पहाटे जवळजवळ रिकामं वर येतं.